आपल्या दारापासून दवाखान्यापर्यंतची वाट

आमच्या वस्तीतल्या एका आजींना गेली आठ वर्षे रक्तदाबाचा त्रास आहे. गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. महिन्यातून एकदा जायचे, रक्तदाब मोजून घ्यायचा आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन यायचे, एवढेच काम. पण पावसाळ्यानंतर त्यांचे जाणे बंद झाले. घरोघरी रक्तदाब तपासत मी त्यांच्याकडे पोचले, तेव्हा यंत्राने १९० वर ११० दाखवले.

"आजी, गोळ्या संपल्या कधी?"

"झालं की दोन महिने."

"मग आणल्या का नाहीत?"

"कुणासंगं जाऊ? पोरगा ड्युटीला, सून कामाला. मागं पडले तवापासनं एकटीनं त्या रस्त्यानं जायाला भ्या वाटतंय गं बाई."

छातीत दुखणे, दम लागणे, हातपाय जड पडणे असे काही त्यांना होत नव्हते. तरी एवढ्या रक्तदाबात थांबून चालणार नव्हते. त्याच दिवशी मी त्यांना घेऊन निघाले. दवाखाना लांब नाही. धडधाकट माणूस दहा मिनिटांत पोचतो. आम्हाला पस्तीस मिनिटे लागली.

त्या पस्तीस मिनिटांचा हिशेब सांगते. गल्लीत तीन घरांचे ओटे पुढे आलेले. दोन्ही बाजूंना पाण्याची पिंपे. वळणावर चार मोटारसायकली आडव्या लावलेल्या. गटाराच्या एका चेंबरवर झाकण नाही, त्यावर कुणीतरी प्लायवूडचा तुकडा टाकलेला. आजी पावसाळ्यात पडल्या त्या इथेच. मोठ्या रस्त्यावर आलो, तर फुटपाथ गुडघ्याएवढा उंच. आजींना चढता येईना. मी हाताला धरून चढवले, तर वीस पावलांवर विजेची पेटी, तिच्यापुढे दुकानाचा लोखंडी फलक, मग कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीचे डेब्रिज, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग पार्क केलेली गाडी. दर वेळी खाली उतरायचे, रिक्षा-डंपरच्या बाजूने चालायचे आणि पुन्हा वर चढायचे. मी मोजले. जाताना आजी सात वेळा फुटपाथवरून रस्त्यावर उतरल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "आजी, रोज अर्धा तास चालत जा."

आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुठं चालू, ते बी इचार की गं."

आरोग्याच्या पानावर आपण बहुतेक वेळा आजार, आहार, औषधे यांबद्दल वाचतो. या वेळी विषय आहे आजींच्या प्रश्नाचा. कुठे चालायचे?

चालणे हे गरिबाचे औषध

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाने अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, लठ्ठपणा, उदासी या सगळ्यांवर त्याचा उपयोग होतो. जिमची फी लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती फक्त चालण्याजोगी जागा. ती ज्यांच्या सोसायटीच्या कुंपणात आहे, त्यांना हा सल्ला सोपा आहे. आपल्या वस्तीत तोच सल्ला म्हाताऱ्या माणसाला गाड्यांच्या चाकांजवळ नेऊन सोडतो.

पाय घसरून पडणे ही तरुणाला किरकोळ गोष्ट वाटते. साठीच्या पुढे, विशेषतः बायकांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते, महिनोन् महिने अंथरूण धरावे लागते. अंथरुणाला खिळले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. घरातल्या एका बाईचे काम सुटते, कारण आजींजवळ बसायला कुणीतरी लागते. चेंबरच्या एका झाकणाची किंमत अशी अख्खे घर मोजते.

जे पडत नाहीत, ते पडण्याच्या भीतीने घरात बसतात. बसले की गुडघे आखडतात, तोल आणखी जातो, साखर वाढते. गोळ्या आणायला जाणे चुकते. क्षयरोगाचा रुग्ण औषधाला जायचा कंटाळा करतो. आठव्या महिन्यातली सून तपासणी पुढे ढकलते. पाय अधू असलेला मुलगा शाळा सोडतो. दवाखान्याच्या कागदावर या सगळ्यांपुढे "रुग्ण आला नाही" एवढेच लिहिले जाते. का आला नाही, ते रस्ता बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि अपघात. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे गेली. त्यांत ३२ हजारांहून जास्त लोक पायी चालणारे होते. म्हणजे साधारण दर पाच मृतांत एक. ज्याच्याकडे गाडीच नाही, तो गाडीखाली मरतो. आपल्या वस्त्यांतून कामाला, शाळेला, बाजाराला, स्टेशनला पायी जाणारे किती आहेत, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

रस्त्यावरून चालण्याचा हक्क आपण कमावलेला आहे

फुटपाथचा विषय काढला की काही जण हसतात. म्हणतात, पाणी नाही, संडास नाही आणि तुम्हाला फुटपाथ सुचतोय. पण रस्त्यावरून मोकळेपणी चालणे ही गोष्ट आपल्या समाजासाठी कधीच लहान नव्हती.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण लिहिले. त्यात त्यांनी पेशवाईतल्या पुण्याची आठवण दिली आहे. समोरून सवर्ण येत असेल, तर आपली सावली पडू नये म्हणून आपल्या माणसाला त्या रस्त्यावर मज्जाव. पावलांचे ठसे पुसायला कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. रस्ता सगळ्यांचा म्हणायचा, पण चालायचा मात्र काहींनीच, ही व्यवस्था आपल्या पणजोबांनी अंगावर सोसली आहे.

१९२४ साली त्रावणकोर संस्थानातल्या वायकोमला सत्याग्रह झाला, तो मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे म्हणून. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे परिषदेच्या जागेपासून चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. पाण्याची ओंजळ आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ओंजळ भरायच्या आधी भर गावातून, भर दिवसा, ताठ मानेने ते चालणे होते, हेही लक्षात ठेवू या.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या सोबत 'रस्ते' हा शब्द आला आहे. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी ठेवलेल्या या जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. आज कुणी आपल्याला जात विचारून फुटपाथवरून उतरवत नाही. पण ज्या वॉर्डात बंगले आहेत तिथला फुटपाथ गुळगुळीत आणि आपल्या वस्तीजवळचा फुटपाथ कचऱ्याच्या ढिगाखाली, असे का होते, हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला त्याच संविधानाने दिला आहे.

कायदा आणि मोजमाप

तक्रार करायची तर मापे माहीत हवीत. 'फुटपाथ वाईट आहे' म्हटले की अधिकारी मान हलवतो आणि विसरतो. 'फुटपाथ नियमापेक्षा इतका उंच आहे' म्हटले की त्याला उत्तर द्यावे लागते.

इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातल्या रस्त्यांची मापे ठरवते. पादचाऱ्यांसाठी तिची वेगळी मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, मोकळी रुंदी हवी. विजेचा खांब, पेटी, झाड हे सगळे सोडून उरलेली ही रुंदी आहे. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबता कामा नये. आणि रस्त्यापासून फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नको.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एकास बारा हे प्रमाण धरतात. एक इंच चढायला बारा इंच लांबीचा उतार. सहा इंच उंच फुटपाथला सहा फुटांचा उतार लागतो. दीड फूट उंच फुटपाथला तो अठरा फूट लागेल. म्हणजे फुटपाथ उंच बांधला की अपंग माणसाला बाहेरच ठेवले, असा त्याचा अर्थ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात सार्वजनिक जागा अपंगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

१४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येणारा फुटपाथ मिळणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथ नसले की पायी चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते आणि त्याच्या जिवाला धोका होतो, हे न्यायालयाने मान्य केले आणि राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियमावली करायला सांगितले. अर्ज लिहाल तेव्हा ही तारीख त्यात घाला.

फेरीवाला आपलाच आहे

आता अवघड भाग. फुटपाथ मोकळा करा म्हटले की महापालिकेची गाडी येते आणि सगळ्यात आधी काय उचलते? भाजीवालीची टोपली, वडापावची गाडी, चपला शिवणाऱ्याची पेटी. शोरूमची पायरी तशीच राहते. चारचाकी तशीच राहते. आपल्या वस्तीतली कितीतरी घरे या गाड्यांवर, टोपल्यांवर चालतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला पथारीवर मांडलेली पुस्तके विकत घेऊनच आपल्यातले अनेक जण वाचायला लागले. तेव्हा फेरीवाल्याला शत्रू ठरवून आजींचा रस्ता मोकळा होणार नाही. एका गरिबाच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्या गरिबाचा पाय वाचवायचा, हा न्याय नव्हे.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. ऑल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. पोट भरण्याचे साधन हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. त्याच निकालात हेही म्हटले की फुटपाथ मुळात चालणाऱ्यांसाठी आहेत. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

त्यांची सांगड घालण्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, असे हा कायदा सांगतो. अनुसूचित जातींना आणि अपंगांनाही त्यात प्रतिनिधित्व आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी करायची, त्यांना प्रमाणपत्र द्यायचे आणि विक्रीच्या जागा आखून द्यायच्या. पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. हटवायचे किंवा दुसरीकडे बसवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. दंड भरावा लागतो, पण माल बुडत नाही.

आपल्या वस्तीतल्या गाडीवाल्या ताई-दादांनी हा कायदा समजून घ्यावा. आणि त्यांना एक विनंतीही करावी. गाडी फुटपाथच्या एका कडेला लावा. सहा फूट मिळत नसतील, तर निदान एक बाई कडेवर मूल घेऊन आणि समोरून एक म्हातारा काठी घेऊन, असे दोघे सरळ जातील एवढी वाट सोडा. गिऱ्हाईकांनी गाडीभोवती कोंडाळे न करता एका बाजूने उभे राहावे. उकळते तेल आणि स्टोव्ह चालणाऱ्यांच्या बाजूला नको. जागा आखून मिळावी म्हणून वस्तीने फेरीवाल्यांच्या बाजूने उभे राहायचे आणि वाट सोडण्यासाठी फेरीवाल्यांनी वस्तीच्या बाजूने.

आधी आपली गल्ली

महापालिकेला जाब विचारायच्या आधी आपल्या दारात बघू. आजी पडल्या त्या मोठ्या रस्त्यावर नव्हे, आपल्याच गल्लीत पडल्या.

पंचशीलातले दुसरे शील आपण दर रविवारी विहारात घेतो. जे मला दिलेले नाही, ते मी घेणार नाही. आपण याचा अर्थ चोरी न करणे एवढाच घेतो. पण गल्लीतली दोन फूट जागा मला कुणी दिली होती? ओटा पुढे काढताना, कायमची टाकी बांधताना, गाडी आडवी लावताना मी जे घेतो, ते कुणाच्या तरी चालण्यातून घेतलेले असते. शेजाऱ्याने केले म्हणून मी केले, हे उत्तर शील घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

अडचण खरी आहे, हे मान्य. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. पाणी तासभर येणार, तर पिंपे ठेवायची कुठे? सगळे काही उचलून फेका, असे कुणी म्हणत नाही. पण नेम करता येतो. आमच्या गल्लीत बायकांनी बसून एक नेम केला. पिंपे सगळ्यांनी एकाच बाजूला ठेवायची, दुसरी बाजू पूर्ण मोकळी. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे अडवले तर वाट वाकडीतिकडी होते आणि कुणालाच नीट चालता येत नाही. एक बाजू सोडली की तीच गल्ली रुंद वाटते.

वाट पुरेशी आहे की नाही, हे कसे ओळखायचे? चाकाच्या खुर्चीला सरळ जायला ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट, वाट लागते. वळणावर जास्त. हातात टेप नसेल तर डोळ्यांपुढे एवढेच आणा: रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत कळ आली, तर चार माणसे त्याला स्ट्रेचरवर घेऊन न थांबता बाहेर पडतील का? आग लागली तर लेकरे घेऊन बायका पळू शकतील का? आपल्या कितीतरी गल्ल्यांत मयताची तिरडीही तिरकी करून न्यावी लागते. मेल्यावर तरी माणूस सरळ जावा, असे आपण म्हणतो. जिवंतपणी सरळ जायची सोय त्याआधी व्हायला हवी.

पिंपांचा आणखी एक धोका. गल्लीतल्या उघड्या पिंपात, फुटक्या टायरात, टाकून दिलेल्या डब्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासायचे, वर घट्ट झाकण किंवा कापड बांधायचे. अडगळ हटली की चालायला वाट मिळते आणि डासही कमी होतात.

आणि आपले सण. भीमजयंतीचा मंडप, कमान, डीजेची गाडी. १४ एप्रिल हा आपल्या अभिमानाचा दिवस आहे. पण मंडपाने आठ-दहा दिवस सगळा फुटपाथ अडवला, तर त्या दिवसांत आपल्याच आजी रस्त्यावर उतरतात. दुसऱ्यांच्या उत्सवाच्या मंडपांवर आपण बोट ठेवतो, तेव्हा आपला मंडप आधी नेमात हवा. ६ डिसेंबरला दादरला लाखो लोक येतात, रांगा लागतात आणि समता सैनिक दलाचे तरुण-तरुणी उन्हातान्हात उभे राहून ती गर्दी शिस्तीत पुढे नेतात. तीच शिस्त आपल्या गल्लीच्या तोंडावर ३६५ दिवस का दिसू नये?

वस्तीने काय करावे

एका रविवारी वंदना झाल्यावर वीस-पंचवीस जणांनी विहारातून दवाखान्यापर्यंत आणि विहारातून शाळेपर्यंत चालत जावे. सोबत एक म्हातारे माणूस, एक अपंग बंधू किंवा भगिनी आणि एक गरोदर ताई असावी. वेग त्यांनी ठरवायचा. टेप घ्यावी, वही घ्यावी, मोबाइल घ्यावा. जिथे खाली उतरावे लागले, तिथे थांबावे. अडथळा काय, कुठल्या दुकानासमोर किंवा खांबाजवळ, उंची किती, मोकळी रुंदी किती, हे लिहावे. तारखेसह फोटो काढावा. उघडे चेंबर वेगळ्या पानावर लिहावे, कारण त्याला एक दिवसही थांबता येत नाही. तोवर त्याभोवती काठ्या रोवून लाल कापड बांधावे. प्लायवूड टाकून झाकू नये. त्यावर पाय पडला की माणूस आत जातो.

यादीचे तीन भाग करावेत. आपण स्वतः हटवू शकतो ते. शेजारी दुकानदाराशी, फेरीवाल्याशी बोलून सुटेल ते. आणि महापालिकेनेच करायचे ते. पहिला भाग त्याच आठवड्यात संपवावा. मग तिसऱ्या भागाचा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्यावा. अर्ज एका पानाचा असावा, त्यात मापे, फोटो आणि जास्तीत जास्त सह्या असाव्यात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नये. मुंबईत असाल तर उघड्या चेंबरची तक्रार १९१६ या क्रमांकावर करून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. या फुटपाथच्या दुरुस्तीवर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, काम कुणाला दिले होते, हमीची मुदत कधीपर्यंत आहे? अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. उत्तराची प्रत विहाराच्या फलकावर लावावी. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर लिहितो, ते अशा कागदांवरही उतरायला हवे.

कुणी पडले तर

पडलेल्या माणसाला घाईने हात धरून उठवू नका. आधी विचारा, कुठे दुखते. म्हाताऱ्या माणसाचा एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, पाय उचलता येत नसेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. चालवू नका, चोळू नका, मालीश करू नका. जसे आहेत तसे आडवे ठेवून १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट आहे.

डोक्याला मार लागला असेल आणि उलट्या, गुंगी, फिट, बोलण्यात गोंधळ, कानानाकातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही दिसले, तर घरी न नेता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. सुरुवातीला बरे वाटले तरी एक दिवस लक्ष ठेवा. लोखंडी सळई, पत्रा, फुटकी फरशी लागून जखम झाली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा. हळद, चुना, राख भरू नका. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोचा धोका असतो. ताप यायची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा.

गाडीने धडक दिली असेल, तर मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. धडक देऊन गाडी पळून गेली तर मृताच्या वारसाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असणे गरजेचे आहे, ती चुकवू नका.

चंक्रमण

तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले. ध्यान फक्त बसून करायचे, असे त्यांनी सांगितले नाही. चालत चालतही ते करायला सांगितले. त्याला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे दिले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशेजारी ठेवून बघा.

आमच्या वस्तीत सगळे काही झाले, असे नाही. तीन ओट्यांपैकी दोन मागे घेतले, एकाशी बोलणे चालू आहे. पिंपे एका बाजूला गेली. मोटारसायकली मुलांनी वळणावरून हटवल्या. चेंबरला झाकण बसले, तिसऱ्या अर्जानंतर. मोठ्या रस्त्यावरचा फुटपाथ अजून गुडघ्याएवढाच उंच आहे. त्याचा अर्ज आत आहे आणि त्याच्या प्रतीवरचा शिक्का आमच्याकडे आहे.

आजी आता रोज संध्याकाळी काठी घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या मारतात. गेल्या महिन्यात रक्तदाब १४० वर ८४ होता. दवाखान्याला जाताना मात्र अजून कुणाचा तरी हात लागतो. एकटीने जाता येईल त्या दिवशी हे काम पुरे झाले, असे आम्ही मानू.

येत्या रविवारी आपापल्या विहारातून दवाखान्यापर्यंत चालून बघा आणि कितीदा खाली उतरावे लागले, ते मोजा.

जय भीम.